पद्मिनीची पीयूसी: पासिंगच्या आधीच्या पाच आठवड्यांची नोंद

पीयूसीची, म्हणजे धुराची, पहिली चाचणी, शनिवार सकाळ, विजापूर रोड. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) 4.62 टक्के, एचसी (हायड्रोकार्बन) 1860 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 1860. नापास.

गाडी 1991 ची प्रीमियर पद्मिनी, एमएच-13, बाबांनी नवी घेतलेली. 1089 सीसीचं इंजिन, सोलेक्स कार्बुरेटर (पेट्रोलात हवा मिसळणारा), पॉइंटवालं डेल्को (प्लगना ठिणगीचा करंट वाटणारं). 2006 पासून दर पाच वर्षांनी पासिंग, म्हणजे आरटीओकडं नोंदणीचं नूतनीकरण, होत आलंय, यंदाचं पाचवं. पीयूसी नसेल तर आरटीओच्या दारात उभं राहण्यात अर्थ नाही. त्यात ऑगस्ट 2025 पासून वीस वर्षांवरच्या मोटारीची नूतनीकरणाची फी 10,000 रुपये झाली आहे, म्हणून ठरवलं की एकदाच काय ते नीट करू आणि सगळं लिहून ठेवू. प्रीमियर ऑटोमोबाइल्स 1944 साली काढणारे वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे, 1882 साली इथंच जन्मलेले. त्यांच्या कारखान्यातली गाडी याच गावात भंगारात जावी हे मला सहन होणारं नाही.

आता आकडे. आपल्या गाड्यांना, म्हणजे बीएस-2 (भारत स्टेज, धुराचे सरकारी निकष) च्या आधीच्या पेट्रोल चारचाकींना, आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) सीओ 3 टक्के आणि एचसी 1500 पीपीएम इतकी मुभा आहे. बीएस-4 गाडीला 0.3 आणि 200. म्हणजे नियमानं आपल्याला बरीच सूट दिली आहे. तेवढ्यातही गाडी बसत नसेल तर तिचं वय झालं असं म्हणून चालणार नाही, तिच्यात काहीतरी बिघडलेलं आहे.

केंद्रावरच्या मुलाला विनंती केली की स्क्रीनवरचे चारही आकडे वाचून दाखव. सर्टिफिकेटवर सीओ आणि एचसी एवढंच येतं, पण मशीन कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजनही मोजतं आणि खरी गोष्ट तिथं कळते. कार्बन डायऑक्साइड 8.4 टक्के, ऑक्सिजन 5 च्या वर. धडधाकट कार्बुरेटरवाल्या इंजिनात पहिला आकडा बारा-तेराच्या आसपास हवा आणि दुसरा एक-दोनच्या. इतका ऑक्सिजन म्हणजे सायलेन्सरच्या लाइनमध्ये कुठंतरी बाहेरची हवा शिरतेय आणि धूर पातळ होतोय. अशा वेळी खरा सीओ काढायचा हिशेब सोपा आहे: सीओला 15 नं गुणा आणि सीओ अधिक कार्बन डायऑक्साइड या बेरजेनं भागा. माझा 4.62 त्या हिशेबानं 5.3 निघाला. दुखणं कागदावर दिसलं त्याहून मोठं होतं.

दोन्ही आकडे एकदम वर असतील तर दुखणी बहुधा दोन असतात. सीओ वाढतो तो पेट्रोल जास्त पडल्यानं. एचसी म्हणजे न जळलेलं पेट्रोल, ते येतं मिसिंगमुळं, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटल्यामुळं, मग ती करंटची (ठिणगीची) असो नाहीतर कॉम्प्रेशनची (सिलिंडरमधल्या दाबाची).

दुसरी चाचणी, आठ दिवसांनी. ही माझी घाई. केंद्रावर एकानं सांगितलं होतं, "मिक्चर स्क्रू दोन आटे आत घ्या, निघून जाईल." हा कार्बुरेटरवरचा, पेट्रोल आणि हवेचं प्रमाण ठरवणारा स्क्रू. घेतला. सीओ 1.3 वर आला आणि मला वाटलं जिंकलो. पण एचसी 2240! इंजिन आयडलवर थरथरत होतं, मधेच एक ठोका गाळत होतं. मिक्चर इतकं पातळ झालं की काही वेळा ते पेटतच नव्हतं आणि पेट्रोल आलं तसं बाहेर जात होतं. सीओ खाली आणि एचसी वर, ही जोडी ज्यांच्या चिठ्ठीवर दिसेल त्यांनी स्क्रू लगेच होता तिथं आणावा. पातळ मिक्चरवर हायवेला गाडी पळवली तर व्हॉल्व्ह जळतात आणि पीयूसीची चिठ्ठी हेडच्या कामात पडते.

मग चाचांकडं, आमच्या जुन्या मेकॅनिककडं, गेलो. चाचांनी बाबांच्या काळापासून ही गाडी पाहिली आहे. आता हात कापतात म्हणून गॅरेज मुलाकडं दिलंय, पण खुर्ची टाकून दारात बसतात. बॉनेट उघडायच्या आधीच म्हणाले, "आदी करंट बग, मग टॅपेट बग. पेट्रोलला शेवटी हात लाव. तू उलटं केलास." टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह ढकलून उघडणारा भाग, त्याच्यात आणि व्हॉल्व्हच्या दांड्यात बारीक गॅप लागतो.

त्या क्रमानंच गेलो आणि तो क्रम का बरोबर आहे हे कामातून कळलं. कार्बुरेटरची सेटिंग आपण इंजिनाच्या आवाजावर करतो. प्लग नाहीतर व्हॉल्व्ह खोटं बोलत असतील तर तो आवाजच खोटा, आणि त्यावर केलेली सेटिंगही खोटी.

करंट: पॉइंटच्या, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या जोडीच्या, एका तोंडावर खड्डा आणि दुसऱ्यावर गाठ आली होती, म्हणजे कंडेन्सर गेलेला. पॉइंट, कंडेन्सर, रोटर आणि चारही प्लग बदलले. डेल्कोच्या कॅपमध्ये आतून कार्बनची बारीक रेघ होती, रात्री अंधारात बॉनेट उघडून पाहिलं तर तिथून निळी ठिणगी पळताना दिसत होती. कॅपही नवी. पद्मिनीचे असे सुटे भाग पूर्वी मुंबईच्या टॅक्सीवाल्यांमुळं सहज मिळायचे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हापासून शोधाशोध वाढली आहे. मिळेल तिथं दोन कंडेन्सर जास्तीचे घेऊन ठेवा.

आयडल सुधारला, पण थरथर राहिली. इन्सुलेशनच्या पकडीनं प्लगच्या वायरी एकेक करून काढून पाहिल्या. एक, दोन, चार नंबरला इंजिन लगेच बसायला लागतं. तीन नंबरची काढली तर काही फरकच नाही. तीन नंबरचा सिलिंडर काम करत नव्हता.

कॉम्प्रेशन घेतलं: 118, 120, 82, 116 पीएसआय. मग तीन नंबरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घेतलं. 85. ऑइल टाकून आकडा उसळला असता तर पिस्टनच्या रिंगा गेल्या असं समजलं असतं. तो जवळपास तिथंच राहिला, म्हणजे गळती व्हॉल्व्हमधून. माझ्या पोटात गोळा आला, कारण पुढचा खर्च हेड उतरवण्याचा. चाचांचा मुलगा म्हणाला, "दादा, आधी टॅपेट तर बघू."

टॅपेट थंड इंजिनावर बघायचे असतात, आणि सोलापूरच्या मे महिन्यात इंजिन थंड मिळायला पहाटच लागते. दुपारी 42 अंशांत अंगणात नुसती उभी केलेली गाडीसुद्धा हाताला चटका देते. पहाटे साडेपाचला सुरुवात केली. तीन नंबरच्या एक्झॉस्ट टॅपेटला गॅपच नव्हता, फिलर गेजची 0.05 ची पातळ पातीसुद्धा शिरेना. वर्षानुवर्षं ठोके खाऊन व्हॉल्व्ह सीटमध्ये खाली बसत जातो, तसा त्याचा दांडा वर सरकतो आणि गॅप खाऊन टाकतो. इंजिन तापलं की दांडा आणखी लांबतो, मग व्हॉल्व्ह पुरता मिटतच नाही. गॅप उरला नाही की टॅपेटचा आवाजही जातो. मी दोन वर्षं कौतुकानं सांगत होतो की माझी गाडी किती गुपचूप चालते. थोडी टकटक करणारा टॅपेट चांगला, गप्प झालेल्याकडं लक्ष द्या.

आठही टॅपेट मॅन्युअलच्या मापावर आणले. तीन नंबर 108 वर आला, आणि दोनशे किलोमीटर चालवल्यावर 112. व्हॉल्व्ह ग्राइंडिंग टळलं. आयडलवरची थरथर गेली ती याच सकाळी. हे लिहिताना अजूनही आनंद होतोय.

सायलेन्सर: इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डखालच्या जोडाचं (फ्लँजचं) पॅकिंग जळलं होतं, आजूबाजूला काळी काजळी होती. सायलेन्सरच्या बुडाशी बोटाएवढं भोक होतं. पॅकिंग बदललं, भोक वेल्डिंग करून घेतलं. तपासायला सोपं आहे: इंजिन चालू ठेवून शेपटीला (धूर बाहेर पडतो त्या टोकाला) जाड फडकं क्षणभर दाबायचं, फुसफुस कुठून येते ते ऐकायचं.

आता कार्बुरेटर. गाडी बंद केल्यावर एअर फिल्टर काढून घशात टॉर्च मारला तर पेट्रोल थेंबथेंब पडत होतं. फ्लोट चेंबर, म्हणजे कार्बुरेटरमधलं पेट्रोलचं भांडं, भरून वाहत होता. त्यात तरंगणारा फ्लोट वर आला की नीडल व्हॉल्व्ह पेट्रोल बंद करतो. नीडल व्हॉल्व्हच्या टोकाला झिजल्याची कड, आणि पितळी फ्लोट कानाशी हलवला तर आत पेट्रोल खुळखुळलं. गरम पाण्यात बुडवल्यावर जोडातून बुडबुडे आले. फ्लोट जड म्हणजे लेव्हल वर, लेव्हल वर म्हणजे सीओ वर. माझ्या 5.3 चा उगम हाच. फ्लोट रिकामा करून दोन दिवस उन्हात वाळवला, मग कथलाचा अगदी बारीक डाग दिला. वाळवण्यात घाई करू नका, आत पेट्रोलची वाफ असताना डाग द्यायला गेलात तर भडका उडेल. नीडल नवी टाकली. जेट (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या नळ्या) फक्त क्लीनरनं आणि हवेनं साफ केले, तार घातली नाही, कारण तारेनं भोक मोठं होतं आणि जेट कायमचा बिघडतो.

आयडल जेटमध्ये तपकिरी चिकट कीटण होतं. ते टाकीतून आलं असणार. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि इथेनॉल टाकीतली जुनी घाण सोडवून पुढं ढकलतं. आपल्या जिल्ह्यात इतके साखर कारखाने आहेत की या इथेनॉलबद्दल मला घरचंच प्रेम आहे, पण 1991 चे रबरी पाइप त्यासाठी बनलेले नव्हते. माझे पाइप बोटानं दाबल्यावर शेंगाच्या टरफलासारखे कुरकुरत होते. सगळे इथेनॉलला टिकणारे घातले, पंपाचा डायफ्रामही बदलला. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. शुद्ध पेट्रोलला एका किलोमागं 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला 9. कार्बुरेटरला हे कळत नाही, तो जुन्याच मापानं पेट्रोल सोडतो, त्यामुळं मिक्चर आपोआप पातळ पडतं. म्हणून मिक्चर स्क्रू आधीच्या जागेपासून मला अर्धा आटा बाहेर घ्यावा लागला. सर्वांत गुळगुळीत आयडल सापडला, तिथून किंचित आत.

तिसरी चाचणी. निघण्याआधी चोक पूर्ण आत आहे ना ते पाहिलं, होटगीपर्यंत जाऊन परत आलो, म्हणजे इंजिनासोबत सायलेन्सरही तापला. केंद्रावर चार रिक्षा पुढं होत्या. रांगेत आयडलवर उभी ठेवली तर प्लग काळे पडतात, म्हणून नंबर येईपर्यंत बंद ठेवली, आणि आपला नंबर आल्यावर अर्धा मिनिट रेस करून मग आयडलवर सोडली. दिवे, पंखा सगळं बंद. नळी शेपटीत हातभर आत गेली आहे याची स्वतः खात्री केली.

सीओ 1.8, एचसी 430. कार्बन डायऑक्साइड 12.9, ऑक्सिजन 1.2. वरचा 15 नं गुणायचा हिशेब करूनही सीओ 1.84 च येतो, म्हणजे आता आकडा खरा आहे. पास.

चिठ्ठी घेऊन परस्पर चाचांकडं गेलो. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, मग म्हणाले, "प्लग काढून दाव." तीन नंबरचा काढला. विटकरी रंगाचा, कोरडा. चिठ्ठीपेक्षा त्यांना तो जास्त पटला.

सर्टिफिकेट सहा महिन्यांचं आहे, पासिंगची तारीख पुढच्या आठवड्यातली. एक काम राहिलंय: डेल्कोच्या शाफ्टला बाजूचा खेळ आहे, त्यामुळं पॉइंटचा गॅप चारही सिलिंडरना सारखा मिळत नाही आणि रेसवर टायमिंग किंचित हलतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एक टर्नर बुश बनवून देतो म्हणालाय. पासिंग झालं की शाफ्ट काढून त्याच्याकडं देणार.