माझ्याबद्दलची वही

समुपदेशनाला जायला लागून दोन महिने झाले होते. मॅडम चांगल्या होत्या, हे आधीच सांगते. मी बोलायचे, त्या वहीत लिहायच्या. माझं लग्न, माझी झोप, लहानपणी खाल्लेला मार, सगळं त्यांना ठाऊक; मला त्यांच्याबद्दल भिंतीवरच्या पदवीपलीकडे काही नाही. पन्नास मिनिटं संपली हेही त्यांनीच सांगायचं, हुंदका अर्ध्यावर असला तरी.

एकदा त्यांनी लावलेला अर्थ मला पटला नाही. तसं म्हटलं, तर शांतपणे म्हणाल्या, "हा प्रतिकार असू शकतो." म्हणजे, नकोसं खरं मान्य करायला माझं मनच आडवं येतंय. झालं! 'हो' म्हटलं तर त्या बरोबर, 'नाही' म्हटलं तरी त्याच बरोबर. प्रतिकार हा शब्द मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्या काळापासूनचा. रुग्णाला कोचावर निजवून आपण मागे बसायचं, हीही त्याचीच पद्धत. तिचं एक कारण त्याने १९१३ साली सरळ लिहून टाकलंय: दिवसाचे आठ तास लोकांनी आपल्याकडे टक लावून पाहिलेलं त्याला सोसत नसे. सोय कुणाची, बघा. पुढे कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 'रुग्ण'ऐवजी 'क्लायंट' म्हणायला सुरुवात केली. माझ्या फॉर्मवरही क्लायंटच लिहिलं होतं. वही मात्र मॅडमच्याच मांडीवर.

नोंदी पाहायच्या आहेत, एवढं म्हणायला मला तीन आठवडे लागले. घरी वाक्य घोकलं. "रागावणार नसाल तर..." अशी सुरुवात होती, ती कापली. शेवटी प्रश्न कागदावरच लिहून नेले: काय लिहिलंय, आणखी कोण वाचतं, हे किती भेटी चालणार. पहिल्या भेटीत त्यांनी सांगितलंही असेल. पण त्या दिवशी मी इतकी ढेपाळले होते, की पुढे केलेल्या कागदावर नुसती सही केली.

मॅडम थोडा वेळ गप्प. मग, "हे आत्ताच का विचारावंसं वाटलं?"

इथेच मी नेहमी घसरायचे. "ते नंतर बोलू. आधी उत्तर द्या ना," म्हणाले. हात थरथरत होते.

उत्तरं मिळाली. माझं नाव न सांगता त्या वरिष्ठांशी चर्चा करत. कुणाच्या जिवाला धोका दिसला तरच गोपनीयता मोडणार होत्या. भेटींचा आकडा त्यांनीही ठरवलेला नव्हता. पुढच्या वेळी दोन पानं वाचायला दिली. एके ठिकाणी होतं, "सहकार्य उत्तम." वाचून शाळकरी पोरीसारखं बरं वाटलं, मग त्याचीच लाज वाटली. खाली लिहिलेलं, मी नवऱ्याला घाबरते. घाबरत नाही हो, कंटाळलेय! तसं सांगितलं. त्यांनी ओळ खोडली नाही, शेजारी माझं वाक्य लिहिलं. उरलेला सगळा वेळ आम्ही त्या कंटाळ्याबद्दल बोललो.