अल्टरनेटर बदलण्याआधी एवढं तपासा

गाडी चालू आहे, मल्टिमीटर बॅटरीला लावलाय आणि आकडा दिसतोय 12.8. लगेच निकाल लागतो: चार्जिंग नाही, अल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर वीज बनवणारा जनरेटर) गेला. जुन्या गाडीत हा निकाल बहुधा बरोबर असायचा, कारण तिथला रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज सांभाळणारा भाग, 13.8 ते 14.4 व्होल्ट धरून बसायचा. आजच्या बऱ्याच गाड्यांत मात्र व्होल्टेज किती ठेवायचं ते ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, ठरवतो. त्याला 12.8 हवं असेल, तर मीटरवर 12.8च दिसणार.

अल्टरनेटर आतून तोच आहे. रोटरच्या (फिरणाऱ्या भागाच्या) गुंडाळीत करंट वाढवला की चुंबकत्व वाढतं आणि स्टेटरमधून (स्थिर भागातून) वीज जास्त येते. रेग्युलेटर हा करंट सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून व्होल्टेज सांभाळतो. आता फक्त किती व्होल्ट हवेत हा हुकूम बाहेरून येतो, बऱ्याच गाड्यांत 'लिन' नावाच्या एकाच बारीक वायरवरून.

ईसीयूला बॅटरीची खबर देते ती निगेटिव्ह टर्मिनलवरची काळी डबी. तिच्यातला सेन्सर करंट, व्होल्टेज आणि तापमान मोजतो. त्यावरून बॅटरी मुद्दाम 80 टक्क्यांच्या आसपास भरलेली ठेवली जाते, वरची जागा रिकामी. एक्सेलरेटर सोडला की व्होल्टेज 14.8च्याही वर जातं आणि फुकटची वीज त्या जागेत भरली जाते. गाडी पळवताना ते खाली येतं, म्हणजे इंजिनावरचा भार हलका होतो.

ग्वाल्हेरमध्ये तापमानाचा मुद्दा सोडून चालतच नाही. बॅटरी जितकी गरम, तितकं चार्जिंग व्होल्टेज कमी लागतं: 12 व्होल्टच्या बॅटरीला दर अंशामागे साधारण 20 मिलिव्होल्ट. 25 अंशांना 14.4 धरा. मे महिन्यात शहरातल्या लष्कर भागाच्या गर्दीत उभ्या गाडीच्या बॉनेटखाली बॅटरी 55 अंशांवर गेली, तर योग्य आकडा 13.8. जानेवारीच्या पहाटे 5 अंशांना तोच 14.8. उन्हाळ्यातही 14.8 देत राहिलं तर पाणी उडतं आणि प्लेटा खराब होतात. त्यामुळे मेमधला 13.7 पाहून घाबरू नका.

मग तपासायचं कसं? गाडी रात्रभर उभी ठेवून आधी बंद गाडीवर व्होल्टेज बघा: 12.6च्या वर म्हणजे भरलेली, 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 म्हणजे निम्मी. 80 टक्क्यांचं धोरण असेल तर 12.4–12.5 हा दोष नव्हे. मग इंजिन चालू करून हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर आणि ब्लोअर पूर्ण लावा आणि इंजिन 2000 आरपीएमला धरा. बऱ्याच गाड्या अशा वेळी बचतीचा मोड सोडतात. व्होल्टेज 13.5च्या वर गेलं, तर अल्टरनेटर चालतोय. नाही गेलं तर स्कॅनरवर ईसीयूचा मागितलेला आकडा आणि प्रत्यक्ष आकडा शेजारी ठेवून पाहा. 14.5 मागून 12.3 येत असेल, तेव्हा कुठे अल्टरनेटरकडे वळा. त्याआधी बेल्ट आणि वायरिंग बघाच: भार चालू असताना अल्टरनेटरच्या बी-प्लसपासून (वीज बाहेर येण्याच्या टर्मिनलपासून) बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंत 0.2 व्होल्टपेक्षा जास्त घट नको, अर्थच्या (निगेटिव्ह) बाजूलाही तेवढीच मर्यादा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर अर्ध्या व्होल्टच्या आसपास दिसलं, तर अल्टरनेटरमधला डायोड (एसीचं डीसी करणारा भाग) गेलाय.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. बाहेरून लावलेला अॅम्प्लिफायर किंवा हॉर्न यांची अर्थची वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला जोडतात. तो करंट सेन्सरमधून जातच नाही, ईसीयूचा हिशेब चुकतो आणि बॅटरी हळूहळू उपाशी राहते. अर्थ बॉडीला द्या. चार्जर किंवा जंपर केबलचा काळा चिमटाही बॉडीच्या उघड्या धातूला किंवा इंजिनाला लावा.

बॅटरी बदलताना स्टार्ट-स्टॉपच्या (थांबल्यावर इंजिन आपोआप बंद करणाऱ्या) गाडीला साधी बॅटरी बसवू नका; कंपनीने दिली असेल तीच जात, ईएफबी किंवा एजीएम (दोन्ही वारंवार चालू-बंद सोसणाऱ्या बॅटऱ्या), घ्या. ज्या गाडीत नव्या बॅटरीची नोंद लागते, तिथे ती स्कॅनरने करून घ्या. नाहीतर ईसीयू नव्या बॅटरीला जुन्या, थकलेल्या बॅटरीच्या हिशेबानं चार्ज करत राहतो.