प्रबंधाचं पुस्तक करताना

माझा प्रबंध पोथ्यांची नक्कल करणाऱ्या लेखनिकांच्या चुकांवर होता. सव्वा लाख शब्द आणि सहाशेच्या वर तळटिपा. ‘जरा हात फिरवला की पुस्तक’ हा अंदाज साफ चुकला. परीक्षक मानधन घेऊन शेवटच्या पानापर्यंत वाचतो, वाचकावर तशी सक्ती नसते.

खरं काम प्रस्तावापासून सुरू झालं. अभ्यासग्रंथ काढणारे प्रकाशक साधारण हेच मागतात: पुस्तकाचा गाभा एक-दीड पानात, प्रकरणवार गोषवारा, वाचक कोण, याच विषयावर आधीची पुस्तकं कोणती आणि हे त्यांहून वेगळं कसं, शब्दसंख्या, चित्रं किती, संहिता केव्हा देणार, आणि नमुन्याला एक-दोन प्रकरणं. यातलं गाभ्याचं पान सोडलं तर बाकी दोन आठवड्यांत उरकतं. ते पान मी सात वेळा लिहिलं.

पहिल्या खर्ड्याची सुरुवात होती, ‘चौदा पोथ्यांतील पाठभेदांचा येथे अभ्यास केला आहे.’ (पाठभेद म्हणजे एकाच ग्रंथाच्या पोथ्यांमधले शब्दांचे फरक.) या वाक्याशी कुणाला भांडताच येत नाही, म्हणजे तो केलेल्या कामाचा अहवाल झाला. सातव्या खर्ड्यात उरलं ते असं: लेखनिकाची चूक हा त्याच्या समोरच्या पोथीचा पुरावा आहे. यावर मात्र भांडता येतं.

उदाहरण घ्या. जवळजवळच्या दोन ओळींत ‘म्हणोनि’ आहे. लेखनिक पहिल्या ‘म्हणोनि’पर्यंत उतरवतो, मान वर करून पुन्हा मूळ पोथीत बघतो आणि नजर दुसऱ्या ‘म्हणोनि’वर पडते. मधला मजकूर गळतो. मूळ संहिता शोधणारा संपादक ती गळती भरून पुढे जातो. त्याचं काम तेच आहे. मी गळलेली अक्षरं मोजत होतो. गळती पुन:पुन्हा साधारण तेवढ्याच अक्षरांची किंवा त्याच्या पटीत निघाली, तर समोरच्या पोथीच्या ओळीत सुमारे किती अक्षरं होती याचा अंदाज बांधता येतो, मग ती पोथी आज हाती नसली तरी चालतं. मात्र अशी गळती दोन पोथ्यांत सारखी दिसली म्हणून त्या एकाच पोथीवरून उतरल्या असं लगेच म्हणू नये. नजर कुणाचीही, कुठेही, स्वतंत्रपणे घसरू शकते. हा सावधगिरीचा मुद्दा प्रबंधात एका तळटिपेत दडला होता. पुस्तकात त्याचं प्रकरण झालं.

कल्पना हाती आल्यावर कापाकापी सोपी गेली. पूर्वसंशोधनाचा आढावा सत्तर पानांवरून सहावर आला. भांडारकर संस्थेतली महाभारताची चिकित्सक आवृत्ती (अनेक पोथ्या ताडून पाठ ठरवणारी, १९१९ ते १९६६) प्रबंधात बारा पानं व्यापून होती, ती दोन परिच्छेदांत बसली, कारण मला तिचा इतिहास सांगायचा नव्हता, पाठ निवडायची पद्धत तेवढी हवी होती. मोजणीची पद्धत परिशिष्टात गेली.

प्रकाशकाने विचारलेल्या दोन तज्ज्ञांचे अभिप्राय यायला पाच महिने लागले. एकाला तिसरं प्रकरण सर्वांत भक्कम वाटलं, दुसऱ्याला तेच कच्चं. अशा वेळी दोघांची मनधरणी करू नये. मी तीन रकान्यांचा तक्ता केला: आक्षेप, मी काय बदललं (पानासह), जे बदललं नाही ते का. संपादक मंडळ बहुधा हाच तक्ता आधी बघतं. सगळंच ‘मान्य’ लिहिलं तर लेखकाला स्वतःचं म्हणणं नाही, असा अर्थ निघतो.

चित्रांनी सर्वांत जास्त छळलं. छापील आकारात इंचाला ३०० बिंदू लागतात. म्हणजे बारा सेंटीमीटर रुंद छापायच्या छायाचित्राची रुंदी किमान १,४१७ पिक्सेल हवी. स्क्रीनवर सुरेख दिसणारी माझी निम्मी छायाचित्रं यात नापास झाली. परवानगीपत्रात छापील आणि ई-आवृत्ती दोन्हींचा उल्लेख असावा. माझ्या पत्रांत फक्त छापीलचा होता, त्यामुळे सगळा पत्रव्यवहार नव्याने करावा लागला.

मुद्रितं, म्हणजे छपाईआधी तपासायची जुळवलेली पानं, आली की हात आवरावा. तीन ओळी वाढवल्या की पुढची पानं सरकतात आणि पुस्तकाच्या शेवटच्या शब्दसूचीतले पानांचे आकडे खोटे पडतात. सूची शेवटच्या मुद्रितांवरच करायची. तिच्यात मराठीची एक खोच आहे. साधी संगणकीय क्रमवारी ‘क्ष’ला क-मध्ये आणि ‘ज्ञ’ला ज-मध्ये टाकते, ‘ळ’ला ल-नंतर बसवते. आपल्या वर्णमालेत हे तिघे ह-नंतर येतात. त्या नोंदी हाताने हलवाव्या लागल्या.

‘चूक’ या नोंदीपुढे नव्वद पृष्ठांक जमले होते. अशी नोंद असून नसल्यासारखी. तिच्या पोटनोंदी पाडल्या: गळती, पुनरुक्ती, अक्षरसाम्य, दुरुस्ती करताना झालेली चूक. त्या पाडताना दिसलं की पाचव्या प्रकरणातलं एकही पान यांपैकी कशाखाली येत नाही. चाळीस पानं पुस्तकाच्या मुद्द्याशी बोलतच नव्हती, आणि मुद्रितांच्या टप्प्यावर ती काढता येत नव्हती. दुसऱ्या पुस्तकाचा खर्डा आता तयार आहे. तो कुणाला दाखवण्याआधी त्यातल्या दहा मुख्य शब्दांची कच्ची सूची करायला घेतली आहे.