लेबिह, पालिंग, तेर: तुलनेच्या पत्त्यांची ताजी नोंद

इंडोनेशियातल्या जोगजाच्या (योग्याकार्ता शहर) म्बाकसाठी (तिकडची ताई) इंग्रजी विशेषणांच्या तुलनेचे जे पत्ते (फ्लॅशकार्ड) करतेय, ते या महिन्यात पुन्हा पहिल्यापासून लावले. बदल्यात त्या माझं इंडोनेशियन तपासतात, तो हिशेब चालूच आहे.

इंडोनेशियन माणूस इंग्रजीत कुठे अडतो, हे आपल्या चष्म्यातून दिसत नाही. मराठीत नामाला 'पेक्षा' जोडला की काम झालं, विशेषणाला हात लावावा लागत नाही. म्हणून आपली मुलं 'ही इज टॉल दॅन मी' लिहितात. इंडोनेशियनमध्ये विशेषणाच्या आधी 'लेबिह' (अधिक) येतो आणि तो सगळ्यांना सारखाच चालतो: लेबिह तिंगी (जास्त उंच), लेबिह मुराह (जास्त स्वस्त), लेबिह मेनारिक (जास्त रंजक). त्यातून 'मोर टॉल', 'मोर चीप' येतं, आणि 'अर' प्रत्यय शिकवला की 'मोर बिगर'. शिवाय त्यांच्या वाक्याला 'आहे' लागत नाही, त्यामुळे 'इज'ही गळतं. म्हणून पहिल्या गठ्ठ्यात मी 'मोर' ठेवलेलाच नाही. फक्त टॉल, चीप, बिग, हॉट असे छोटे शब्द, आणि प्रत्येक पत्त्यावर 'इज'सकट पूर्ण वाक्य. बिग-हॉटचं शेवटचं अक्षर दुप्पट होतं, चीपचं नाही, हे त्यांना लगेच जमलं.

या महिन्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट 'तेर'ची. 'सगळ्यांत मोठा' हे 'पालिंग बेसार' असंही म्हणता येतं आणि 'तेरबेसार' असंही. पण मेनारिक, बेरबाहाया अशा, आधीच उपसर्ग लागलेल्या शब्दांना 'तेर' लावत नाहीत, तिथे 'पालिंग'च. म्हणजे काही शब्द जोडून घेतात, काहींना वेगळा शब्द लागतो, ही जाण त्यांच्या कानात आहेच! मेनारिक म्हणजे इंटरेस्टिंग, बेरबाहाया म्हणजे डेंजरस, आणि इंग्रजीतही दोघांना 'मोस्ट'च लागतं. पूल एकेरीच आहे: 'तेरमाहाल' (सगळ्यांत महाग) चालतं म्हणून 'एक्स्पेन्सिव्हेस्ट' होत नाही. तरी सुरुवातीला धरायला हा आधार पक्का वाटतो.

खरी मेहनत बरोबरीला लागली. बहुतेक पुस्तकांत ती चार ओळींत उरकतात, ते मला अजिबात पटत नाही. 'सेतिंगी' या एका शब्दात 'इतका उंच' येतं. इंग्रजीला मात्र विशेषणाच्या दोन्ही बाजूंना 'अ‍ॅज' हवा, त्यातला पहिला हमखास गळतो. दुसरी वाट 'सामा तिंगी देंगान', त्याचं थेट 'सेम टॉल विथ' होतं. मी नियम सांगायचं सोडलं आणि त्यांच्या ओळखीचे डोंगर घेतले. रिंजानी ३७२६ मीटर, सेमेरू ३६७६. फरक ५० मीटरचा, म्हणून 'सेमेरू इज ऑलमोस्ट अ‍ॅज हाय अ‍ॅज रिंजानी'. पत्त्यावर दोन्ही 'अ‍ॅज' लाल शाईने, मधला शब्द काळ्याने. आता बोलताना म्बाक पहिल्या 'अ‍ॅज'वर मुद्दाम जोर देतात.

डोंगरांमुळेच आणखी एक गाठ सापडली. केरिंची (३८०५ मीटर) हा इंडोनेशियातला सर्वांत उंच ज्वालामुखी, रिंजानी दुसरा. त्यांच्याकडे हा क्रम 'तेरतिंगी केदुआ' असा, 'दुसरा' शेवटी. इंग्रजीत 'द सेकंड हायेस्ट'. सुराबाया हे दुसऱ्या क्रमांकाचं मोठं शहर, तेही याच साच्यात बसलं. या रचनेसाठी वेगळा छोटा गठ्ठा केलाय आणि 'द' ठळक लिहिलाय, कारण तोही त्यांच्या भाषेत नाही.

उच्चाराचं काम बाकी आहे. 'हायेस्ट'मधला शेवटचा 'ट' त्यांच्या तोंडून सुटतो, कारण मूळ इंडोनेशियन शब्दांच्या शेवटी अशी दोन व्यंजनं एकत्र येत नाहीत. पुढच्या वेळी 'हायेस्ट इन', 'बिगेस्ट ऑन' असे जोड घेणार आहे, म्हणजे तो 'ट' पुढच्या स्वराला चिकटून ऐकू येईल. मग 'सेमाकिन… सेमाकिन', म्हणजे 'जितकं… तितकं'. तिथे इंग्रजी दोन्हीकडे 'द' लावते. तुमच्यापैकी कुणी हे जपानी किंवा थाई शिकणाऱ्यांसोबत केलं असेल, तर पत्त्यांचा क्रम कसा लावला ते जरूर सांगा.