तोंड पूस आधी

परवा दुपारी सगळ्यांची जेवणं उरकली, तरी धाकटीचा आमरस संपेना. आधी चमचा, मग बोट, मग अख्खा पंजा वाटीत. रस मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत पोचला, तिथे थेंब लोंबायला लागला, आणि तो पडायच्या आत तिने कोपर चाटायचा प्रयत्न सुरू केला. (कोपर चाटता येत नाही, हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.) मी कॅमेरा उचलला. लेन्सचं झाकण निघाल्याचा आवाज माझ्या आईला ओट्यापाशीसुद्धा ऐकू येतो. "अगं, तोंड तरी पूस तिचं आधी, मग काढ काय काढायचाय तो!"

हे आमचं जुनं भांडण. तिच्या लेखी फोटो म्हणजे बसायची गोष्ट. केस विंचरलेले, पावडर, काजळ, गालाला तीट, अंगात ठेवणीतला फ्रॉक. शिवाय मागचा पसारा. खुर्चीवरचे वाळलेले कपडे, दाराशी पडलेल्या चपला, डायनिंग टेबलावरची औषधांची पिशवी. मी डोळा लावते न लावते तोच ही बया चौकटीत शिरून कपडे उचलायला लागते. माझ्याकडच्या निम्म्या फोटोंत कडेला तिची पाठ आहे.

मला तो पसाराच हवा असतो. आमच्या लहानपणीच्या फोटोंत मागे चादर आहे, निळ्या फुलांची, दोन खिळ्यांना बांधलेली. चादर छान आहे. पण तिच्यामागे फडताळ होतं, आणि त्या फडताळात काय काय होतं ते आता आठवू म्हटलं तर आठवत नाही.

फोटो बाबा काढायचे. बडोद्याला बनणारा आग्फा क्लिक थ्री, एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. पाठीमागच्या लाल खिडकीतून आकडा बघत रोल पुढे सरकवायचा. बारा म्हणजे बाराच, त्यात गणपती, मंगळागौर, एखादं बारसं आणि उरलेत म्हणून आम्ही. रोल संपल्याशिवाय धुवायला टाकायचा नाही, त्यामुळे दिवाळीतला फ्रॉक उन्हाळ्यात बघायला मिळे. तोवर तो तोकडा झालेला असे.

"सूर्य पाठीशी ठेवायचा" हे त्या काळचं ब्रह्मवाक्य. बाबांनी ते निष्ठेने पाळलं. सूर्य त्यांच्या पाठीशी म्हणजे आमच्या थेट डोळ्यांत. अल्बम उघडला की अख्खं खानदान कपाळाला आठ्या घालून, डोळे किलकिले करून उभं. काका, आत्या, आम्ही पोरं, एकजात संतापलेले. कुणी परक्याने बघितलं तर वाटेल, नुकतीच वाटणी झालेली दिसते. आणि खाली अंगणात आमच्या पायांपर्यंत एक लांबलचक सावली, दोन्ही कोपरं बाहेर काढलेली. ते बाबा.

उमरावसिंग शेरगिलांचे फोटो बघताना मला आई आठवते. चित्रकार अमृता शेरगिलचे वडील. संस्कृत-फारसीचे व्यासंगी, पोटापाण्याची ददात नाही, आणि घरच्यांचे फोटो काढायचा छंद. अमृता १९१३ मध्ये बुडापेस्टला जन्मली. तिचं, धाकट्या इंदिराचं, त्यांच्या आईचं लहानमोठं होणं, नटणं, रुसणं त्यांनी वर्षानुवर्षं टिपलं. स्वतःलाही सोडलं नाही, उघड्या अंगाने कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. पुढे नातू विवान सुंदरम यांनी त्याच फोटोंची संगणकावर नवी जुळणी केली. पण बघा, सगळं कसं मांडून ठेवलेलं. खुर्ची कुठे, हात कुठे, उजेड कुठून. तोंडं पुसलेली.

उलट तो फ्रान्सचा फोटोग्राफर लार्तीग. जन्म १८९४. शाळकरी वयात वडिलांनी हातात कॅमेरा दिला आणि पोरगा सुटला. जिन्यावरून हवेत झेपावणारी नात्यातली बहीण, पडणारे, भिजणारे भाऊ, घरचीच सगळी. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ते फोटो भिंतीवर लावले, तेव्हा स्वारी सत्तरीला टेकली होती. शेरगिल आईच्या पक्षातले, लार्तीग माझ्या.

पक्ष ठरला तरी उजेडाचा प्रश्न राहतोच. आमच्या घराला दक्षिणेकडे एकच खिडकी. वैशाखात सूर्य डोक्यावर, ऊन गजांच्या आत पाऊल टाकत नाही. मार्गशीर्षात तोच सूर्य खाली कलतो, आणि दुपारी उन्हाचा पट्टा फरशीवरून सरकत थेट देव्हाऱ्यापर्यंत जातो. त्या महिन्यांत मी बाहेरची कामं घेत नाही. आषाढ त्याहून चांगला. आभाळ भरलेलं, उजेड कुठून येतो ते कळत नाही, डोळ्यांखाली सावल्या नाहीत, सगळी माणसं बरी दिसतात, सासरचीसुद्धा. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, ३२०० वर न्यावी लागते, फोटोत दाणे दिसतात. दिसू देत.

रात्री मात्र हाल. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पन्नास हेलकावे, दर हेलकाव्यात दोन डुलक्या, त्यामुळे स्वस्तातला एलईडी सेकंदाला शंभरदा मंदावतो. डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. आवाज होऊ नये म्हणून सायलेंट शटर लावावं आणि वेग सेकंदाचा १/१००० करावा, तर पोरगी आडव्या पट्ट्यांची. १/१०० केला की पट्टे जातात आणि पोरगीही जाते, राहतो एक धुरकट फराटा. फ्लॅश मी वापरत नाही. का, ते विचारू नका, आमच्यात त्यावरून अबोला झालेला आहे.

थोरला आता बारा वर्षांचा. कॅमेरा दिसला की पंजा पुढे करतो, त्याच्या तळहाताचे माझ्याकडे पुष्कळ फोटो आहेत. मध्यंतरी तो माझ्या हार्ड डिस्कमध्ये काहीतरी शोधत होता आणि बादलीत बसून आंघोळ करणारा तो स्वतः त्याला सापडला. हसेल वाटलं. तो म्हणाला, "हा कुणाकुणाला पाठवलायस?" फॅमिली ग्रुपवर, म्हटलं. "त्यात कोणकोण आहे?" आत्या, मावशी, त्यांची मुलं, सुना, कोणी कोणी जोडत गेलेले. मला सगळी नावं सांगता येईनात. तो काही बोलला नाही, उठून गेला.

तेव्हापासून त्याचे फोटो आधी त्याच्या हातात जातात. तो बघतो, नको ते उडवतो, उरलेले मला. परवा उडवलेल्यांत एक फार सुरेख होता, खिडकीपाशी पुस्तक वाचतानाचा. का रे, विचारलं तर म्हणे, "नाक मोठं दिसतंय." अठ्ठावीस मिलिमीटरच्या रुंद लेन्सने इतक्या जवळून काढलं की कुणाचंही नाक मोठंच दिसतं, दोष अंतराचा असतो. समजावून सांगितलं. पटलं नाही.