डॉक्टर कुलकर्णींच्या बाजूने

'आनंद' सिनेमाचा विषय निघाला की तुलना ठरलेली. एकीकडे मरणाची थट्टा करणारा राजेश खन्ना, दुसरीकडे जगण्यालाच वैतागलेला अमिताभ. १९७१ पासून लोक या दोघांवरच बोलतायत, लिहितायत. मला ही जोडी बरोबरीची वाटतच नाही. आनंद पडला सहा महिन्यांचा पाहुणा. पाहुण्याला घरभाडं भरायचं नसतं, रोज उठून तोच दवाखाना उघडायचा नसतो. तो गोड वागणारच. (राजेश खन्नाचे चाहते आता माझ्याशी बोलणार नाहीत, चालेल.) खरा सामना आहे तो दोन डॉक्टर मित्रांमधला, भास्कर बॅनर्जी (म्हणजे अमिताभ) आणि प्रकाश कुलकर्णी यांच्यातला. आणि त्यातले कुलकर्णी कुणाला आठवतच नाहीत! रमेश देव होते, एवढं सांगितलं की मग "हां हां, ते होय" असं होतं.

भास्कर गरिबांना फुकट तपासतो. औषध लिहून दिलं तरी ते विकत घ्यायला यांच्याकडे पैसे कुठून येणार, या विचाराने रात्री डायरी भरत बसतो. आणि काहीही न झालेला एखादा श्रीमंत माणूस समोर आला, तर "तुम्हाला काहीही झालेलं नाही" असं तोंडावर सांगून वाटेला लावतो. कुलकर्णी त्याच माणसाला खुर्ची देतात. काळजीने तपासतात, औषध देतात, फी घेतात, आणि त्या पैशांतून गरिबांवर उपचार करतात. भास्करला हे अजिबात पटत नाही.

विशीत माणसाने भास्करच्याच बाजूने असावं. त्या वयात कुलकर्णी आवडले तर घरच्यांनी जरा लक्ष द्यावं.

पण आमच्या लहानपणी गल्लीच्या तोंडाशी जे डॉक्टर होते, ते पक्के कुलकर्णी-पंथाचे. दवाखान्यात दोन बाकं, एक पडदा आणि पडद्यामागे कंपाउंडर. घरून स्वच्छ धुतलेली बाटली न्यायची. कंपाउंडर त्यात गुलाबी औषध ओतायचा, मग कागदाची पट्टी दुमडून कात्रीने टकाटक खाचे पाडायचा आणि ती पट्टी डिंकाने बाटलीला उभी चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. डिंक ओला असायचा, घरी येईस्तोवर पट्टी निम्मी माझ्या अंगठ्याला. शेजारच्या काकू तिथे आठवड्याला हजर. त्यांना काय होतं ते त्यांच्या सूनबाईंना ठाऊक होतं आणि डॉक्टरांनाही. तरी डॉक्टर नाडी बघायचे, जीभ बघायचे, "दगदग फार झालेली दिसते" म्हणायचे आणि कडू पुड्या द्यायचे. गोड दिल्या असत्या तर काकूंचा विश्वास बसला नसता. दगदग झाली आहे हे अख्ख्या आठवड्यात त्यांना कुणीतरी म्हटलेलं असायचं, तेवढ्यावर पुढचा आठवडा निघायचा. फी मात्र काकूंकडून पुरेपूर. त्यांच्यामागे बसलेल्या हमालाला डॉक्टर नुसते "जा रे" म्हणायचे.

भास्करच्या हिशेबात ही फसवणूक झाली. असेलही. कुलकर्णींची वाट घसरडी आहेच. त्यांच्या तत्त्वज्ञानाचा पहिला अर्धा भाग, म्हणजे नसलेल्या आजाराचे पैसे घ्यायचा, पुढच्या पिढ्यांनी मन लावून आत्मसात केला. दुसऱ्या अर्ध्या भागाच्या वेळी बहुतेक लाइट गेले असावेत.

तरीसुद्धा मरण घरात आल्यावर या दोघांकडे पाहा. आनंद हा मुळात कुलकर्णींचा मित्र. त्याला आतड्याचा लिम्फोसार्कोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, झालेला आहे. आता लिम्फोमा म्हणतात, आणि त्याच्या पुष्कळ प्रकारांवर उपचारही आहेत. तेव्हा मात्र ते नाव म्हणजे निकालच. या भारदस्त नावाचीही आनंद टर उडवतो, एखाद्या व्हाइसरॉयचं नाव वाटतं म्हणतो. भास्कर चिडतो. साहजिक आहे. दिवसरात्र मरणाशी भांडणाऱ्या माणसापुढे मरणाराच विनोद करू लागला तर त्याने जायचं कुठे? कुलकर्णी ना चिडत, ना उपदेश करत. ते खाट देतात. नर्सिंग होम देतात, तिथली कडक मेट्रन देतात. आणि आपलं घर देतात.

त्या घरात सुमन आहे, सीमा देव. पडद्यावरचे नवरा-बायको खरोखरचेही नवरा-बायको, त्यामुळे त्या संसाराला अभिनयाची फार गरज पडलेली दिसत नाही. या सुमनला आनंद बहीण मानतो आणि तिला आशीर्वाद काय द्यावा असा त्याला पेच पडतो, कारण 'माझं आयुष्य तुला लाभो' एवढंही त्याला म्हणता येत नाही. अख्ख्या सिनेमात मला हलवणारी जागा ती. 'मरण ही कविता आहे' वगैरे ऐकताना मी फक्त अमिताभचा आवाज ऐकतो. मेट्रन डिसा म्हणजे ललिता पवार, भास्करच्या रेणूची आई म्हणजे दुर्गा खोटे. दिल्लीहून मुंबईत आलेल्या, फाळणीत घर गमावलेल्या आनंदचं शेवटचं गणगोत पाहिलं तर त्यात निम्मी माणसं मराठी पडद्यावरची. हृषीकेश मुखर्जींनी हा सिनेमा राज कपूर आणि मुंबई शहराला अर्पण केला होता. मुंबईच्या वाट्याचं श्रेय मी मनातल्या मनात या मंडळींत वाटून टाकतो. त्या वर्षीचं सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर अमिताभला मिळालं, ते योग्यच. कुलकर्णींसारख्यांना बक्षीस द्यायचं तरी कशासाठी? बाजूला उभं राहण्यासाठी?

आणि शेवट. या रोगावर औषध नाही हे भास्करला पहिल्या दिवसापासून पाठ आहे. तसं तो बोलूनही दाखवतो, रागाने, स्वतःवर, शास्त्रावर. तरी आनंदचे शेवटचे श्वास चालू असताना हा माणूस कुठे असतो? औषध आणायला गेलेला असतो! ज्याने आयुष्यभर विनाकारण एक गोळी कुणाला दिली नाही, तो निरुपयोगी औषधासाठी धावत सुटतो आणि परत येतो तेव्हा उशीर झालेला असतो. मग टेपवरून आनंदचा आवाज त्याला हाक मारतो, त्या प्रसंगाला सगळे रडतात, मीही रडतो. पण रडून झालं की मला तो औषधाचा हेलपाटाच आठवत राहतो. त्या हेलपाट्यात भास्कर पहिल्यांदा कुलकर्णींच्या पंथाला लागला. फरक एवढाच, की कुलकर्णींना अशा औषधाचा गुण कुणाला येतो हे आधीपासून माहीत होतं.

रमेश देव २०२२ मध्ये गेले, सीमाताई पुढच्याच वर्षी. बातम्यांमध्ये 'आनंद'मधली दृश्यं दाखवली, आणि त्यांतही मधोमध राजेश खन्नाच होता.

माझ्यावर कधी वेळ आलीच, तर रिपोर्ट भास्करने वाचावा, त्याच्याइतका सरळ माणूस मिळायचा नाही. तो मला सांगायला मात्र कुलकर्णींना पाठवा. फक्त मी काकूंच्या रांगेत आहे की हमालाच्या, हे त्यांना आधी विचारून ठेवायला हवं.