श्वास रोखल्यावर मेंदूत काय घडते
मालवणच्या दांडी किनाऱ्यावर माझा चुलतभाऊ खडकात अडकलेले जाळे सोडवायला श्वास रोखून बुडी मारतो, तेव्हा काठावर उभ्या असलेल्या माझ्या मनात एकच प्रश्न असतो: त्याच्या मेंदूला प्राणवायू पुरतो आहे ना? शरीराच्या वजनाच्या जेमतेम 2 टक्के असलेला मेंदू विश्रांतीतही सुमारे 20 टक्के प्राणवायू वापरतो, आणि त्याचा साठा मात्र जवळजवळ ठेवत नाही. जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी 1924 मध्ये माणसाच्या मेंदूतील विद्युतलहरी प्रथम नोंदवल्या. त्या लहरींच्या आलेखावर, म्हणजे ईईजीवर, प्राणवायू कमी पडू लागला की जलद लहरी मागे पडून मोठ्या, संथ लहरी उमटतात आणि रक्तप्रवाहच थांबला तर सुमारे अर्ध्या मिनिटात आलेख सपाट होऊ शकतो. कोविडकाळात घरोघरी पोहोचलेला ऑक्सिमीटर बोटातील रक्तात प्राणवायूचे प्रमाण किती आहे ते दाखवतो, तेही काही सेकंद उशिराने. मेंदूतील प्राणवायू मोजण्यासाठी कपाळावर निकट-अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशाचा संवेदक लावावा लागतो. दोन्ही नोंदी एकत्र घ्यायला हव्यात, असे मला ठामपणे वाटते. बुडीपूर्वी भराभर श्वास घेण्याची भावाची सवय मला फार घाबरवते, कारण त्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, गुदमरल्याची जाणीव लांबते आणि तिच्याआधीच शुद्ध हरपू शकते.